जन्माची ओल

१

नवा कपडा घरात आला की मी आधी त्याला नाक लावत असे. मग पांढरं फडकं ओलं करून शिवणीवर घासायचं आणि ते उजेडात धरून बघायचं. फडक्यावर रंग उतरला असेल तर कपडा दारामागच्या गोणीत. सुरकुती न पडणारे शर्ट सरळ गोणीत. ते घासावेही लागत नाहीत, त्यांचा तिखटपणा डोळ्यांनाच कळतो. जे उरेल ते रिठ्याच्या पाण्यात भिजायचं, खळबळून निघायचं, आणि कसलाही वास उरला नाही की मगच दोरीवर चढायचं.

जर्मनीत कापडाचं रसायनशास्त्र शिकून परत आल्यापासून माझी सकाळ अशीच सुरू होई. तिथे राहायला सांगणारे पुष्कळ होते. पण जावा बेटावरचं आमचं पकालोंगान म्हणजे अर्धं गाव कापड रंगवतं आणि अर्धं ते विकतं. अंगाला दिवसरात्र चिकटून राहणारी वस्तू कशात बुडून आली आहे हे इथे कुणी विचारत नाही. विचारायला कुणीतरी हवंच होतं, आणि ती मी असायला काय हरकत होती?

वरच्या गल्ल्यांत सकाळी जो रंग निघतो तो दुपारी नदीत असतो. भरती आली की समुद्र तीच नदी उलटी ढकलतो आणि आमच्या घरात आणून सोडतो. मागच्या खोलीत घोटाभर पाणी साचतं, ओहोटीबरोबर निघून जातं. या पाण्यापायी आधी वडिलांनी, मग इबुने, म्हणजे आईने, जमिनीवर भराव घालघालून ती वर उचलली. छप्पर मात्र होतं तिथेच राहिलं. आता प्रत्येक दारातून वाकून जावं लागतं. खिडक्या गुडघ्याशी आल्या आहेत आणि गल्लीतून जाणाऱ्याचे फक्त पाय दिसतात.

त्या पायांमधले निळे-जांभळे पाय लिक दुलचे. लिक म्हणजे काका; रंगारी काका. तो खिडकीपाशी थांबून ओरडायचा, "काय डॉक्टरीणबाई, आज कुणाची चड्डी पकडली?"

"तुमचीच राहिली आहे, लिक. द्या काढून."

"देतो की! पण मग गल्लीतल्या बाया पळून जातील, आणि तू म्हणशील हेही रंगामुळेच झालं."

मी हसायचे. माझं लक्ष घरात असायचं. मोठी बहीण खोलिफा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि तिचा नौफल अंगभर लाल चट्टे घेऊन तळमळत होता. तो खाजवून रक्त काढी, म्हणून ती त्याच्या मुठी बांधून ठेवी. नवरा मालवाहू जहाजावर, आणि लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेलं हे एकच मूल. एका सकाळी ती माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "तुन, तू एवढं शिकून आलीस. याच्यासाठी काय करता येईल ते कर. तू सांगशील तसं मी वागेन."

माझं नाव झुम्रोतुन. तुन फक्त ती म्हणते.

"याच्या अंगाला फक्त स्वच्छ कापड लागू दे, म्बाक," मी म्हणाले. म्बाक म्हणजे ताई. "बाकी मी बघते."

२

आणि चट्टे खरंच मागे हटले. आधी मानेवरचे, मग कोपराच्या वळीतले. खोलिफाने त्याच्या मुठी सोडल्या. न रंगवलेल्या सुती कापडात गुंडाळलेलं ते सावळं, गुबगुबीत पोर दिवसभर आपल्याच हातांकडे बघत पडलेलं असे. कोवळ्या फणसाच्या मेगोनो भाताचं पान माझ्यापुढे ठेवताना इबुनेही माझ्या डोक्यावर हात ठेवला. ही आमच्या इबुच्या हिशेबाने फार मोठी गोष्ट.

मग त्याला ताप आला. साधाच, लहान मुलांना येतो तसा. मी पाण्याच्या पट्ट्या घेऊन आले तर इबुने पेटीच्या तळातून काढलेलं एक कापड त्याच्यावर घातलं होतं. तपकिरी बाटिक, मेणाने नक्षी धरून रंगवलेलं, घड्यांवर ताठरलेलं. मध्यभागी एक मोठा डाग पसरला होता, कडा नकाशासारख्या वाकड्यातिकड्या.

"हे काय, इबु?"

"कोपोहान. त्याच्या जन्माचं."

मी विसरले होते. आमच्याकडे बाळंतिणीच्या खाली घातलेलं कापड जपून ठेवतात. बाळ त्याच्या पाण्यासकट ज्या कापडावर उतरलं, ते कापड. पुढे ते आजारी पडलं की हेच कापड त्याच्यावर पांघरतात.

मी ओलं फडकं त्याच्या कडेवर घासलं. फडकं लालभडक झालं. स्वस्तातला, बाजारी, कच्चा रंग. असले रंग अंगावरच्या घामात फुटून कशात बदलतात ते मी परीक्षेत लिहून आले होते.

"हे धुवायला हवं."

"नाही हो." इबुने माझ्या हातून कापडाची कड सोडवून घेतली. "याला साबण नसतो आणि पाणीही नसतं."

"का पण?"

"का म्हणजे? कोपोह म्हणजे काय गं? चिंब ओलं. ते कोरडंठाक करायचं असतं तर त्याला कोपोहान कशाला म्हटलं असतं?"

"इबु, ते आत्ताही कोरडंच आहे. पेटीत होतं."

"वरून," इबु म्हणाली. "परदेशात तू आपली बोलीसुद्धा ठेवून आलीस की काय, न्दुक?" न्दुक म्हणजे पोरी. ती रागावलेली नव्हती. तिला गंमत वाटत होती.

ताप उतरला. पण त्याच्या गळ्याखाली, जिथे त्या कापडाची कड लागली होती, एक लाल पट्टा उठला. खोलिफाने तो मला दाखवला. तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

३

दुसऱ्या दिवशी इबु बाजारात गेली तेव्हा मी पेटी उघडली.

बाटिकमधलं मेण काढायला कापड राखेच्या पाण्यात उकळतात, तसंच मी ते उकळलं. मागच्या पडवीत चूल, तिच्यावर तांब्याचं पातेलं. पहिलं पाणी लाल आलं, दुसरं तपकिरी. मी ते ओतत गेले आणि नवं घेत गेले. कापडावरची पानं, पाखरं, वेली फिकट झाल्या. मग त्या कुठे होत्या तेही कळेना. माझ्या हाताखाली एक उपकारक काम होत होतं आणि मला फार बरं वाटत होतं.

रंग संपला तरी पाणी नितळ येईना.

त्याला रंग नव्हता, पण ते जड होतं. दांड्याने ढवळलं की संथपणे फिरे आणि उशिरा थांबे. कोमट, किंचित खारट असा एक वास येत होता. तो मला ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना. चुलीतला जाळ मी काढून घेतला होता, तरी पातेलं निवत नव्हतं. जाड बुडाचं पातेलं उष्णता धरून ठेवतं, मी स्वतःला म्हणाले. खळीतला स्टार्च सुटला की पाणी दाट होतं. दोन्ही खरं होतं.

मी रिठा वाढवला, पुन्हा उकळलं, पुन्हा ओतलं. शेवटी पाणी पाण्यासारखं झालं. वास नाही, रंग नाही. सगळं पाणी मी मागच्या गटारात ओतलं होतं. ओहोटी लागली होती आणि गटार सळसळत नदीकडे चाललं होतं.

कापड दोरीवर टाकताच वाळलं. वाळलं म्हणण्यापेक्षा ते ओलं राहिलंच नाही. घडी घालताना माझ्या बोटांवरचं पाणी त्याच्यावर उडालं, तर थेंब पारा घरंगळावा तसे घरंगळून खाली पडले. मी मुद्दाम वाटीभर पाणी ओतलं. तेही ओघळून गेलं आणि कापड कोरडं.

हे उलटं होतं. इतकं उकळलेलं सुती कापड पाण्यासाठी वखवखलेलं असतं. थेंब पडायचा अवकाश, शोषून घेतं. मेण राहिलं असेल, असं मी ठरवलं. पण मेण राहिलेलं नव्हतं. मेण हाताला कळतं.

मी ते पेटीच्या तळाशी ठेवून दिलं.

४

नौफलचे चट्टे पूर्ण गेले. त्वचा इतकी निर्मळ झाली की शेजारणी बघायला येऊ लागल्या. "कसला साबण गं?" त्या विचारत, आणि मी रिठ्यावर, रंगांवर, नवा कपडा न धुता अंगात का घालू नये यावर बोलत बसे. एकीने तिथेच लेकीचा चकचकीत झगा उतरवून गोणीत टाकला. मला वाटलं, सुरुवात झाली.

खोलिफाच्या लक्षात आधी आलं ते लंगोटांचं.

"आज दोरीवर एकही नाही," ती म्हणाली.

"मग बरंच आहे की, तुझं काम वाचलं."

"चेष्टा नको, तुन. तो दूध पितो, आणि मग ते कुठे जातं?"

मग तो रडेनासा झाला. म्हणजे तो तोंड उघडी, कपाळ आकसून घेई, हातपाय झाडी. पण आवाज निघत नसे आणि डोळ्यांत टिपूस येत नसे. लाळ गळायची थांबली. दुपारच्या उकाड्यात आम्ही सगळ्या घामाने निथळत असताना त्याचं कपाळ कागदासारखं कोरडं असे. इबुने एकदा ते कपाळ चाचपलं आणि ती माझ्याकडे न बघता पेटीपाशी गेली. झाकण उघडल्याचा आवाज आला. लावल्याचा बराच वेळ आला नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या पुढ्यात पान मात्र वेळेवर येत राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती खाली बसली नाही. चुण्या पडाव्यात तशी तिथेच उभी राहिली. "पाणी फार कमी झालंय अंगातलं," डॉक्टर म्हणाले. "मोठ्या इस्पितळात न्या. आजच." पण पुलाजवळचा रस्ता भरतीने भरू लागला होता. ओहोटी लागल्याशिवाय गाडी जाणार नव्हती. मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजत राहा, असं सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

वाटेत खोलिफाने त्याला छातीशी धरलं होतं. मधेच ती थांबली, तिने त्याच्या टाळूला नाक लावलं. मग मानेला. मग पुन्हा टाळूला.

"याला वास येत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"तू घे बघू."

मी वाकून श्वास घेतला. दुधाचा नाही, तेलाचा नाही, माणसाचा नाही. कसलाच नाही. धुण्याच्या दोरीपाशी उभं राहून मी रोज ज्याची वाट बघत असे, अगदी तसं.

५

घरी आल्यावर खोलिफा साखरेचं पाणी करायला आत गेली आणि तो माझ्या मांडीवर राहिला. पुढच्या खोलीत खिडकीतून गुडघ्याइतक्या उंचीवरून ऊन येत होतं. त्या उन्हात तो मला फिका वाटला. आजारी मुलं फिकी पडतातच, मी म्हणाले. पण आजारी मूल पिवळं पडतं, पांढुरकं पडतं. नौफल विटला होता.

माझ्या खांद्यावर फडकं होतं, त्याच्या ओठांना लावायला ओलं केलेलं. मी असं का केलं ते मला सांगता येणार नाही. हाताला सवय असते. मी त्याच्या दंडावर फडकं टेकवलं आणि एकदाच, हलकेच घासलं.

फडक्यावर सावळा रंग आला.

माती असेल. तेल असेल. मी दुसरी घडी घेतली आणि पुन्हा टेकवलं. पुन्हा सावळा. दंडावर नखाएवढी जागा उघडी पडली होती. रक्त नव्हतं, जखम नव्हती. ती जागा पांढरी होती, आणि तिच्यावर बारीक, सरळ रेघा होत्या. उभ्या आणि आडव्या. मी जास्त बघितलं नाही. मी त्याची बाही खाली ओढली.

दारात इबु उभी होती. तिला दारात वाकावं लागतं, त्यामुळे तिचं तोंड माझ्या अगदी जवळ होतं.

"पाणी कुठे ओतलंस?" किती दिवसांनी ती माझ्याशी बोलली.

"गटारात."

"भरतीला की ओहोटीला?"

"ओहोटीला. इबु, मला वाटलं... ते रंग वाईट होते. खरंच वाईट होते."

"होतेच," इबु म्हणाली. "लिक दुलची नखं मी काय बघत नाही? रंग वाईटच गं. पण तू थांबली नाहीस. रंग संपला तरी थांबली नाहीस."

ती बाळाच्या कोरड्या केसांवरून हात फिरवत राहिली, मग एखादं भांडं शेजारी राहिल्यासारखं सहज म्हणाली, "या गावातून गेलेलं कुठे जातं? दुपारी दारात परत येतं. आज मोठी भरती आहे. खोलिफाला मागच्या खोलीत बसव."

६

मागच्या खोलीत छप्पर इतकं खाली आहे की बसलेल्या माणसालाच ते बरं. खोलिफा ओल्या जमिनीवर मांडी घालून बसली होती. मांडीवर ते पांढरं कापड. मी तिला सगळं सांगितलं होतं. मला वाटलं होतं ती मला मारेल. तिने फक्त विचारलं, "नक्की येईल?" आणि इबु म्हणाली, "तुझंच आहे. तुझ्याकडे नाही तर कुठे जाईल?"

आधी उंबऱ्याखालून बुडबुडे आले. मग पाण्याची एक जीभ आत आली, फरशीच्या सांध्यांतून पसरली. त्या दिवशी ते हिरवं होतं. वरच्या गल्लीत कुणाचं तरी मोठं काम निघालं असावं. कोपऱ्यात चिलटं उठली. पाणी खोलिफाच्या गुडघ्यांना लागलं, मग मांडीपर्यंत चढलं.

पाण्याखाली मला काही दिसलं असं मी म्हणणार नाही. दारातून आत येताना पाणी हलत होतं, त्याच्यावर फेस होता, पानं फिरत होती. एका जागी ते हलत नव्हतं, एवढंच. पाय पोटाशी घेऊन निजलेल्या मुलाएवढी जागा. ती जागा उंबऱ्यातून आत आली, भिंतीच्या कडेने सरकली, आणि खोलिफाच्या पुढ्यात येऊन थांबली. कोमट, खारट वास आला, आणि या खेपेला तो कुठला ते मला आठवलं. नौफल जन्मला त्या दिवशी बाळंतिणीची खोली मीच पुसली होती.

खोलिफाने कापड त्या जागेवर पसरलं. पाण्याला न जुमानणारं ते कापड एका श्वासात भिजून बुडालं.

"आण त्याला," ती म्हणाली.

मी दारात बाळाला घेऊन उभी होते. त्याचं वजन लागत नव्हतं, घडी घातलेला अभ्रा असावा तसं. "म्बाक, या पाण्यात नको. या पाण्यात काय काय आहे ते मला ठाऊक आहे. याचा एक थेंब त्याच्या अंगाला लागू नये म्हणून मी—"

"त्यात माझं काय आहे ते तुला ठाऊक आहे का?"

"संध्याकाळी रस्ता मोकळा होईल. इस्पितळात सलाईन—"

"कुठे टोचतील?" तिने हात पुढे केले. "त्याचा दंड बघितलास ना? मीही बघितला. दे इकडे, तुन."

मी वाकून आत गेले. माझ्या पावलांना पाणी लागलं; इतकी वर्षं या घरात राहून मी त्या पाण्यात कधी अनवाणी उतरले नव्हते. मी त्याला तिच्या हातात दिलं. तिने त्याचे कपडे काढले, मी धुतलेले, वास नसलेले, आणि त्याला कापडावर निजवलं. फक्त तोंड वर राहिलं.

आधी काहीच झालं नाही. मग खोलीतलं पाणी त्याच्याकडे वाहू लागलं. फार हळू. कोपऱ्यातला फेस निघाला, पानं निघाली, सगळं त्याच्या दिशेने. त्याची बोटं फुगली. गाल भरून आले. त्याने तोंड उघडलं आणि त्या बुटक्या खोलीत असा आवाज फुटला की बाहेर गल्लीत कुणीतरी थबकलं.

"रडला!" खोलिफा ओरडली. "इबु, रडला! आणि हे बघ... अगं, माझ्या हातावर मुतला! मेल्या, एवढे दिवस कुठे साठवलं होतंस?" ती हसत होती, रडत होती, वाकून त्याच्या टाळूचा वास घेत होती. "आला. आला गं वास. तुन, ये, घे ना."

मी जवळ गेले. वास खरंच आला होता. दुधाचा, आंबूस, जिवंत. दंडावरची ती पांढरी जागा मिटली होती. मी तिच्याशेजारी पाण्यातच बसले. इबु दारात तोंडाला ओढणी लावून उभी होती.

बाहेर ओहोटी लागली. उंबऱ्याशी पाणी मागे फिरू लागलं. खोलीतलं मात्र फिरलं नाही. ते अजून त्याच्याकडेच येत होतं.

तेव्हा मी त्याच्या टाचा बघितल्या. वाटलं, पाण्याचीच झाक असेल. मी एक पाऊल उचलून उन्हात धरलं. तळवा हिरवा होता. पाण्याबाहेर धरलं तरी हिरवाच. भिजत घातलेल्या वातीत तेल चढतं तसा तो रंग घोट्यावरून पोटरीवर आणि पोटरीवरून गुडघ्याकडे चढत होता.

"म्बाक," मी म्हणाले, "आता पुरे. उचल त्याला."

खोलिफाने मान वर केली नाही. ती त्याच्या पोटावर ओंजळीने पाणी घालत होती, आणि तो रडायचा थांबून शांतपणे तिच्याकडे बघत होता.

"उचल ना, म्बाक! उचल!"

"राहू दे गं थोडा वेळ," ती लाडाने म्हणाली. "बघ ना, कसा पोटभर पितोय."